रिपोर्टवर क्लोनचं नाव आहे का ते आधी बघा

मागच्या अंकात मी पीडी-१ नावाच्या रिसेप्टरबद्दल लिहिलं होतं. आपल्या टी सेलच्या अंगावर हे प्रोटीन असतं, ते दाबलं गेलं की टी सेल हल्ला आवरता घेतो, आणि काही कॅन्सरच्या पेशी पीडी-एल१ नावाचं दुसरं प्रोटीन पुढे करून नेमकं तेच दाबत बसतात, असा एकूण विषय होता. त्यावर इतके मेल आले की सगळे छापणं शक्य नाही. पण गंमत बघा, औषधाबद्दल फार कमी लोकांनी विचारलंय, बहुतेकांनी विचारलंय ते टेस्टबद्दल, म्हणजे काचेवरच्या त्या तपकिरी रंगाबद्दल. (या टेस्टला आयएचसी म्हणतात, टिश्यूच्या पातळ कापावर, म्हणजे सेक्शनवर, एका ठरावीक प्रोटीनला चिकटणारी अँटीबॉडी लावायची, ती चिकटते तिथे तपकिरी रंग उठतो.) मला आनंद झाला कारण माझं सगळं आयुष्य त्या रंगात गेलंय. पाच प्रश्न घेते.

मॅडम नमस्कार. माझे वडील ६४ वर्षांचे आहेत, फुफ्फुसाचा कॅन्सर निघालाय. पहिल्या लॅबने पीडी-एल१ ५ टक्के दिला, डॉक्टर म्हणाले परत करा, तर दुसऱ्या लॅबने त्याच ब्लॉकवर, म्हणजे मेणात बसवलेल्या त्याच तुकड्यावर, ६० टक्के दिला. भाऊ म्हणतो पहिली लॅब फसवी, मी म्हणते दुसरी. पैसे दोन्हीकडे गेले. खरं कोण बोलतंय? रिपोर्टचे फोटो जोडलेत. — नाशिकहून एक मुलगी

ताई, फोटो जोडलेत ते फार बरं केलंत, कारण उत्तर त्याच फोटोत आहे. पहिल्या रिपोर्टच्या अगदी तळाला बारीक अक्षरात लिहिलंय क्लोन एसपी१४२ आणि दुसऱ्यावर आहे क्लोन २२सी३. क्लोनचं नाव म्हणजे नेमकी कुठली अँटीबॉडी वापरली ते, आणि टक्का म्हणजे ट्यूमरच्या शंभर पेशींत किती रंगल्या ते. दोन्ही लॅब खरं बोलत असू शकतात. तुम्ही दोघं भावंडं भांडू नका.

पीडी-एल१ शोधायला बाजारात एकच अँटीबॉडी नाहीये, मुख्य चार आहेत, २२सी३, २८-८, एसपी२६३ आणि एसपी१४२, आणि यातली प्रत्येक पीडी-१ किंवा पीडी-एल१ अडवणाऱ्या एकेका औषधाच्या ट्रायलबरोबर वाढलेली आहे. पेम्ब्रोलिझुमॅबबरोबर २२सी३, निव्होलुमॅबबरोबर २८-८, ड्युर्व्हालुमॅबबरोबर एसपी२६३ आणि अटेझोलिझुमॅबबरोबर एसपी१४२. प्रत्येक कंपनीने आपापली टेस्ट केली, आपापला टक्का ठरवला. मग डॉक्टर लोकांची पंचाईत झाली, म्हणून ब्लूप्रिंट नावाचा एक मोठा अभ्यास झाला, २०१७ मध्ये त्याचा पहिला भाग छापून आला, त्यात एकाच गाठीचे सेक्शन चारही टेस्टने रंगवून बघितले. पहिल्या तिघींचं बऱ्यापैकी जमलं. एसपी१४२ ने मात्र ट्यूमरच्या पेशी कमीच रंगवल्या. म्हणजे तुमच्या वडिलांचं जे झालं ते या टेस्टच्या स्वभावातच आहे.

आता यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगते. आम्हाला आधी वाटायचं की एसपी१४२ प्रोटीनच्या वेगळ्या जागेला चिकटत असेल म्हणून कमी दिसतं. पण २०२० मध्ये दाखवलं गेलं की एसपी१४२ आणि एसपी२६३ या दोघी पीडी-एल१ च्या पेशीच्या आत असलेल्या शेपटावर अगदी त्याच जागी चिकटतात. जागा एकच, तरी रंग वेगळा! म्हणजे फरक नुसता अँटीबॉडीचा नाही, अख्ख्या टेस्टचा आहे, ती किती पातळ केली, किती वेळ ठेवली, रंग वाढवायला कुठलं केमिकल वापरलं, सगळं धरून. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगून सांगून थकते की बाटली म्हणजे टेस्ट नव्हे.

आणखी एक शक्यता आहे ती पण सांगून ठेवते. फुफ्फुसाच्या बायोप्सीचा तुकडा सुईएवढा बारीक असतो, आणि त्यात ट्यूमरच्या निदान १०० जिवंत पेशी असल्याशिवाय टक्का सांगायचाच नाही असा नियम आहे. शिवाय गाठ सगळीकडे सारखी नसते, ब्लॉक आत कापत गेलं की चित्र बदलू शकतं. त्यात फुफ्फुसातले मॅक्रोफेज (कचरा गिळणाऱ्या पेशी) स्वतःच पीडी-एल१ दाखवतात, ते ट्यूमरच्या पेशींच्या अगदी मांडीला मांडी लावून बसलेले असतात आणि घाईत बघणारा त्यांना ट्यूमर म्हणून मोजू शकतो. वडील सिगारेट ओढत असतील किंवा वर्षानुवर्षं चुलीच्या नाहीतर गाड्यांच्या धुरात काम केलं असेल तर काळी काजळी पण असते, ती तपकिरीत मिसळते.

तुम्ही काय करायचं, तर दोन्ही रिपोर्ट, दोन्हीकडच्या स्लाइड आणि ब्लॉक घेऊन ऑन्कॉलॉजिस्टकडे जा. पेम्ब्रोलिझुमॅबचा विचार असेल तर २२सी३ चा आकडा जास्त कामाचा, कारण त्या औषधाची ५० टक्क्यांची आणि १ टक्क्याची रेषा त्याच टेस्टवर आखलेली आहे. आणि ईजीएफआर, एएलके या जीनमधल्या बदलांचा रिपोर्ट आला का ते आधी विचारा, ते पॉझिटिव्ह असतील तर आधी गोळ्यांचा विचार होतो, मग ६० टक्के असो की ९० असो.

नमस्कार मॅम, मी डीएमएलटी करतोय. आमच्या सरांनी एक बाटली दाखवली त्यावर "माऊस अँटी-ह्युमन पीडी-१, क्लोन एनएटी१०५" असं होतं. माऊस पण आणि ह्युमन पण हे कसं काय? आणि क्लोन म्हणजे नक्की काय, सगळे म्हणतात पण कोणी सांगत नाही. — लातूर

अरे खूप छान प्रश्न विचारलास, हा विचारायला लोक लाजतात आणि मग दहा वर्षं न समजताच रिपोर्टवर लिहीत राहतात.

बघ, माणसाचं पीडी-१ प्रोटीन उंदराला टोचलं की उंदराच्या शरीराला ते परकं वाटतं आणि तो त्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतो. म्हणजे बनवणारा उंदीर आणि निशाणा माणसाचं प्रोटीन, म्हणून माऊस अँटी-ह्युमन. सशात बनवली तर रॅबिट अँटी-ह्युमन, एसपी१४२ सशाचीच आहे.

आता क्लोन. उंदीर एक नाही शेकडो प्रकारच्या अँटीबॉडी बनवतो, प्रत्येक बी सेल आपली वेगळी, कोणी प्रोटीनचं डोकं पकडतं कोणी पाय. ती सगळी खिचडी वापरली तर ती पॉलिक्लोनल. आणि उंदीर मेला की ती खिचडी पुन्हा तशीच मिळणार नाही. १९७५ मध्ये केंब्रिजला जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाईन या दोघांनी यावर उपाय काढला, त्यांनी उंदराच्या प्लीहेतली बी सेल आणि मायलोमा कॅन्सरची एक सेल एकमेकींत मिसळवल्या. बी सेलला अँटीबॉडी बनवता येते पण ती बाहेर काही दिवसांत मरते, मायलोमा मरत नाही, दोघींची मिळून जी हायब्रिडोमा झाली ती मरत पण नाही आणि अँटीबॉडी पण बनवत राहते. न मिसळलेल्या मायलोमा सेल एचएटी नावाच्या खास पोषक द्रवात मरतात, न मिसळलेल्या बी सेल आपोआप मरतात, उरतात त्या फक्त आपल्या कामाच्या. मग एकेक सेल वेगळ्या खड्ड्यात ठेवून वाढवायची, त्या एका सेलची सगळी पिल्लावळ म्हणजे क्लोन, आणि तिची अँटीबॉडी कायम तशीच. एनएटी१०५ हे अशाच एका कुटुंबाचं नाव. १९८४ ला त्यांना नोबेल मिळालं आणि या पद्धतीचं पेटंट त्यांच्याकडे कधीच नव्हतं, हे मला दर वेळी सांगावंसं वाटतं कारण त्यामुळेच जगभरच्या लॅबना ती वापरता आली.

आणि पीडी-१ म्हणजे प्रोग्रॅम्ड डेथ हे नाव का, तर १९९२ मध्ये क्योटोला तासुकु होन्जो यांच्या लॅबमध्ये मरणाऱ्या पेशींत कुठले जीन जागे होतात ते शोधत होते, त्यात हा सापडला. पुढे कळलं की याचं काम मारणं नाही, आवरणं आहे, पण नाव राहिलं. होन्जोंना २०१८ चं नोबेल जेम्स ॲलिसन यांच्याबरोबर मिळालं. परीक्षेत नावावरून अर्थ काढू नकोस, तिथेच मार्क जातात.

मॅडम, आमच्याकडे ऑटो मशीन नाही, हाताने आयएचसी करतो. प्रेशर कुकरमध्ये रिट्रीव्हल, म्हणजे अँटीबॉडीला जागा मोकळी व्हावी म्हणून स्लाइड उकळणं. पीडी-१ लावला तर टॉन्सिलच्या कंट्रोलवर (पडताळ्याच्या स्लाइडवर) सगळीकडेच तपकिरी येतंय, कुठलं खरं कुठलं खोटं कळत नाही, आणि दोनदा टिश्यूच वाहून गेला. साहेब म्हणतात बाटली खराब, कंपनीला परत पाठव. — कोल्हापूर, १४ वर्षं टेक्निशियन

दादा, बाटली परत पाठवायच्या आधी थोडं थांबा.

तुमच्याकडे टॉन्सिल आहे म्हणजे अर्धं काम झालं. पीडी-१ ला टॉन्सिलइतका प्रामाणिक साक्षीदार नाही. स्लाइड १० एक्सवर लावा आणि आधी फॉलिकल शोधा, मध्ये फिकट गोल जर्मिनल सेंटर, भोवती गर्द निळ्या लहान पेशींचं कडं, त्याला आपण मँटल म्हणतो. टेस्ट बरोबर असेल तर जर्मिनल सेंटरच्या आत तपकिरी कडा असलेल्या टी सेल विखुरलेल्या दिसतील, या फॉलिक्युलर हेल्पर टी सेल, बहुतेकदा एका बाजूला जास्त गर्दी करून, आणि मँटलचं कडं जवळजवळ कोरं निळं राहील. आता ४० एक्सवर जा. रंग पेशीच्या कडेला अंगठीसारखा दिसायला हवा. तुमचं मँटलपण तपकिरी असेल आणि न्यूक्लियसवरून पण धुरळा पसरला असेल तर तो बॅकग्राऊंड आहे, पीडी-१ नाही.

तो कुठून येतो? माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा स्लाइड मध्येच वाळल्यामुळे. हाताने करताना फोन वाजतो, कोणीतरी सॅम्पल घेऊन येतं, आणि तेवढ्यात कडेचं पाणी उडून जातं. कडेला जास्त तपकिरी आणि मध्ये कमी असेल तर हेच समजा. झाकणाचा डबा घ्या, खाली ओला टिश्यू पेपर घाला, त्यातच इन्क्युबेट करा. दुसरं, हायड्रोजन पेरॉक्साइड ताजं करा. रक्तातल्या लाल पेशींत आणि न्यूट्रोफिलमध्ये स्वतःचं पेरॉक्सिडेज असतं, ते आधी मारलं नाही तर डीएबी हे रंग देणारं केमिकल टाकल्यावर ते पण तपकिरी होतं, आणि महिन्याभरापूर्वी उघडलेल्या बाटलीत पेरॉक्साइडचं नुसतं पाणी उरलेलं असतं. तिसरं डायल्यूशन, म्हणजे अँटीबॉडी किती पातळ करायची ते. एकाच टॉन्सिलवर १:५०, १:१००, १:२०० अशा तीन स्लाइड एकाच दिवशी लावा, साहेबांना तिन्ही शेजारी ठेवून दाखवा. साहेब लोकांचा विश्वास बोलण्यावर बसत नाही, स्लाइडवर बसतो.

आणि एक चौथी स्लाइड, सगळं तेच पण पीडी-१ च्या जागी त्याच जातीची साधी उंदराची अँटीबॉडी, जिला कुठलाच निशाणा नाही. ती पण तपकिरी झाली तर पीडी-१ ची बाटली निर्दोष आहे, दोष पुढे आहे, सेकंडरीत (पहिलीवर बसणाऱ्या दुसऱ्या अँटीबॉडीत) नाहीतर धुण्यात.

वाहून जाण्याचं म्हणाल तर चार्ज्ड स्लाइडच (टिश्यू धरून ठेवणारी खास काच) वापरा, साध्या काचेवर कुकरचा मार टिकत नाही. सेक्शन ३ ते ४ मायक्रॉनपेक्षा जाड नको, वॉटर बाथवरून उचलल्यावर खाली पाणी अडकू देऊ नका, स्लाइड उभी करून निथळू द्या आणि मग ६० डिग्रीला तासभर. कुकरची शिट्टी गेल्यावर लगेच झाकण काढून गार पाण्याखाली धरता का? ते थांबवा. बफरमध्येच निदान वीस मिनिटं निवू द्या. पीडी-१ बहुतेक ठिकाणी पीएच ९ च्या ट्रिस-ईडीटीए बफरमध्ये चांगला उठतो, सायट्रेट वापरत असाल तर बाटलीबरोबरचा कागद परत वाचा.

तुम्ही चौदा वर्षं हे हाताने करताय, मला माहितीये ते काय असतं. १९९१ च्या आधी तर फॉर्मालिनमधल्या टिश्यूवर कितीतरी मार्कर (पेशी ओळखायची प्रोटीन) लागायचेच नाहीत, फॉर्मालिन प्रोटीनना एकमेकांत असं गुंतवून टाकतं की अँटीबॉडीला जागाच सापडत नाही, मग अमेरिकेत शी नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी स्लाइड मायक्रोवेव्हमध्ये उकळून ती गुंतागुंत सोडवून दाखवली. तुमचा कुकर त्याच घराण्यातला आहे, तो जुना आहे म्हणून कमी समजू नका. स्लाइड जमल्या की मला फोटो पाठवा, मी बघीन.

ताई, आईच्या मानेतली गाठ काढली. नर्सिंग होमने ती सलाईनमध्ये दिली, आम्ही रात्रीच्या गाडीने मुंबईला नेली. आता लॅब म्हणते लिम्फोमाची (लिम्फ ग्रंथींच्या कॅन्सरची) शंका आहे पण मार्कर नीट येत नाहीयेत. आमचं काय चुकलं? — रत्नागिरी

तुमचं काहीच चुकलं नाही हो. तुम्हाला जे हातात दिलं ते तुम्ही जपून नेलंत.

गाठ शरीरातून निघाली की तिच्यातली एन्झाइम तिलाच खायला लागतात, आणि ते थांबवायचं काम फॉर्मालिन करतं. शक्यतो तासाभरात तुकडा फॉर्मालिनमध्ये पडायला हवा, तुकड्याच्या दहापट तरी फॉर्मालिन हवं आणि मग ६ ते ७२ तास. सलाईनमध्ये रात्रभर, त्यात कोकणातला उकाडा, पेशींच्या कडा विरघळतात, आणि सीडी३ काय, पीडी-१ काय, ही सगळी कडेवरचीच प्रोटीन आहेत. सीडी३ टी सेलच्या रिसेप्टरचाच भाग, त्यावरून टी सेल ओळखतात, आणि पीडी-१ कामाला येतो अँजिओइम्युनोब्लास्टिक नावाच्या टी सेल लिम्फोमात. कडाच नसेल तर अंगठी कुठे दिसणार.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी ज्या लॅबमध्ये होते तिथे असाच एक लिम्फ नोड (गाठ) आला होता आणि आम्ही सीडी३ निगेटिव्ह, सीडी२० (बी सेलचा मार्कर) निगेटिव्ह असा रिपोर्ट जवळजवळ सही करून पाठवत होतो. आमच्या वरिष्ठ बाईंनी स्लाइड लावली आणि विचारलं, यात नॉर्मल लिम्फोसाइट तरी रंगलेत का? एकही नव्हता. माणसाच्या नोडमध्ये एकही टी सेल नाही असं कसं होईल? ते निगेटिव्ह नव्हतं, टिश्यूच मेलेला होता. रिपोर्ट फाडला आणि पेशंटला परत बोलावलं. त्या दिवसापासून मी निगेटिव्ह लिहिण्याआधी त्याच स्लाइडवर काहीतरी पॉझिटिव्ह शोधते.

म्हणून तुमच्या लॅबने "नीट येत नाहीयेत" असं सांगितलं, निगेटिव्ह लिहून मोकळे झाले नाहीत, याबद्दल मला त्यांचं कौतुक वाटतं. त्यांना विचारा की तुकड्याच्या बाहेरच्या बाजूला काही बरा भाग आहे का, कधीकधी कड वाचलेली असते. नसेल आणि दुसरी गाठ हाताला लागत असेल तर परत बायोप्सी करावी लागेल, मनाची तयारी ठेवा, अंदाजावर लिम्फोमाची ट्रीटमेंट सुरू करू नका.

पण एक सांगते, सलाईन नेहमी चूकच असं नाही. आपल्याकडे मानेतली गाठ म्हटली की टीबी पण असतो, आणि टीबीच्या कल्चरला (जंतू वाढवून बघायला), जीनएक्स्पर्ट टेस्टला सलाईनमधलाच तुकडा लागतो, फॉर्मालिनमध्ये टाकला की जंतू मेले. कदाचित त्यांनी त्या विचाराने दिला असेल. दुसऱ्या वेळी सर्जनना आधीच सांगा, दोन डब्या, एक फॉर्मालिन एक सलाईन, आणि दोन्हींवर नाव आणि वेळ लिहून घ्या.

मॅडम, मी पुण्यात पीएचडी करतेय, तोंडाच्या कॅन्सरमधल्या पीडी-१ वर. आमच्या गाइडनी एक स्वस्त अँटीबॉडी घेतलीय, त्यावर फक्त रिसर्चसाठी असं लिहिलंय, पण खूप पेपरमध्ये वापरलीय म्हणतात. चालेल ना? दुसरं, हीच अँटीबॉडी पेशंटला देतात का?

दुसऱ्याचं आधी, कारण हा गोंधळ खूप जणांचा आहे. नाही. निव्होलुमॅब पण पीडी-१ लाच चिकटतं पण ती माणसाच्या प्रकारची अँटीबॉडी आहे, शिरेतून द्यायची, जिवंत टी सेलवरचं पीडी-१ झाकून टाकायला. तुझ्या बाटलीतली अँटीबॉडी उंदराची, ती फॉर्मालिनमध्ये मेलेल्या, उकळलेल्या टिश्यूवर चिकटवायची. तू तोंडाच्या कॅन्सरवर काम करतेयस म्हणून सांगते, टाटा मेमोरिअलमध्ये १५१ पेशंटवर झालेली ट्रायल नक्की वाच, डोकं-मान कॅन्सरमध्ये निव्होलुमॅबचा नेहमीचा डोस दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असतो, त्यांनी तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, गोळ्यांच्या मेट्रोनॉमिक (कमी डोसच्या, सतत चालणाऱ्या) केमोबरोबर दिलं, आणि वर्षभराने जिवंत असलेल्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांवरच्या १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. आपल्या पेशंटच्या खिशाचा विचार करून केलेलं काम आहे ते, मला त्याचा फार अभिमान वाटतो.

आता अँटीबॉडी. रिसर्चसाठी असं लिहिलेलं असणं हा दोष नाही, तुझं कामच रिसर्चचं आहे, फक्त त्यावरून कुठल्या पेशंटचा रिपोर्ट देऊ नका. पण "खूप पेपरमध्ये वापरलीय" हे कारण मला अजिबात चालत नाही. इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटाचं (इस्ट्रोजेन हार्मोनला चिकटणारं एक प्रोटीन) काय झालं माहितीये का? वीसेक वर्षं त्यावर पेपर येत होते, २०१७ मध्ये स्वीडनच्या लोकांनी त्याच्या १३ अँटीबॉडी नीट तपासल्या तर एकच खरी निघाली. कितीतरी लोकांच्या आयुष्याची वर्षं गेली त्यात, तुझी जाऊ नयेत म्हणून एवढं लिहितेय.

तू असं कर. एक सेल लाइन घे जिच्यात पीडी-१ नाही, तिच्यात पीडी-१ चा जीन घाल, दोन्हींचे पेलेट (पेशींचे घट्ट गोळे) करून टिश्यूसारखेच फॉर्मालिनमध्ये ठेव, पॅराफिन ब्लॉक बनव आणि एकाच काचेवर दोन्हींचे सेक्शन लाव. एक तपकिरी, एक कोरा, असंच यायला हवं. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीन वेगळी करून पट्ट्यांत बघायची टेस्ट) बरोबर बँड आला म्हणून टिश्यूवर पण चालेल असं धरू नकोस, ब्लॉटमध्ये प्रोटीन उलगडलेलं असतं, टिश्यूत फॉर्मालिनने जखडलेलं. मग एनएटी१०५ घेऊन त्याच टॉन्सिलच्या लागोपाठच्या सेक्शनवर लाव आणि दोन्हीकडे त्याच फॉलिकलमध्ये, त्याच बाजूला रंग येतो का बघ. नवीन लॉटची बाटली आली की हे सगळं परत, आणि जुन्या लॉटचा थोडासा भाग फ्रीजमध्ये तुलनेसाठी ठेवून दे.

टॉन्सिलचा ब्लॉक मिळत नसेल तर जवळच्या मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजीत एथिक्सच्या परवानगीचा कागद घेऊन जा. कान-नाक-घशाच्या ऑपरेशनचे टॉन्सिल त्यांच्याकडे असतात, आणि ४ मायक्रॉनने कापलं तर एका मिलिमीटरात अडीचशे सेक्शन निघतात, एका चांगल्या ब्लॉकवर तुझी पीएचडी होऊन जाईल. कापून ठेवलेल्या स्लाइड मात्र महिनोन्महिने ड्रॉवरमध्ये ठेवू नकोस, हवेने सिग्नल उतरतो. लागतील तेवढ्याच त्या आठवड्यात काप.